भिंतीवरचा कागदी टीव्ही

पुण्याजवळच्या मोशीतल्या एका सोसायटीत ज्योतीराम घरी आहे की कामावर, हे कळण्यासाठी कुणाला त्याचं दार वाजवावं लागत नसे. तो घरी असला की त्याच्या टीव्हीवरच्या बातम्या थेट पार्किंगपर्यंत ऐकू यायच्या. शेजारच्या शालनबाईंनी तर आपला टीव्ही लावणंच सोडून दिलं होतं. बातम्या भिंतीतून आयत्या मिळतात, असं त्या म्हणायच्या. म्हणताना हसायच्या, पण त्या हसण्यात वैताग असायचा. टीव्हीच्या आवाजावरून कुरबूर कुठल्या घरात होत नाही? तुमच्याकडे होत असेल, आमच्याकडेही होते. ज्योतीरामच्या घरी ती रोजची झाली होती. त्याची बायको विजयश्री स्वयंपाकघरातून हात पुसत यायची, रिमोट उचलून आवाज कमी करायची, आणि ती आत वळली की हा पुन्हा वाढवायचा. विचारलं की उत्तर ठरलेलं. या टीव्हीचा स्पीकर बाद झालाय, नवा घ्यायला पाहिजे, आणि घ्यायचा तर मोठा.

स्पीकर ठणठणीत होता. बाद झाले होते ते ज्योतीरामचे कान, आणि हे एकट्या ज्योतीरामला माहीत होतं.

लातूरकडून पोटापाण्यासाठी आला तेव्हापासून तो चाकणच्या एका कारखान्यात प्रेसवर उभा होता. पत्र्यावर घाव घालणारं ते धूड दिवसभर दणके द्यायचं, पायाखालची फरशी थरथरायची. कानात घालायला कंपनी रबरी बोळे द्यायची. ज्योतीराम ते दोरीने गळ्यात अडकवायचा, कानात कधीच घालायचा नाही. त्याच्या वेळच्या पट्टीच्या ऑपरेटरांची रीतच तशी होती. यंत्र कानाने ओळखायचं असतं, साचा केसभर सरकला तरी दणक्याचा आवाज बदलतो, तो बोळे घातलेल्याला काय कळणार, अशी त्यांची मिजास! या मिजाशीने त्याचे कान थोडेथोडे करून नेले. आवाज यायचा, पण शब्द पोचायचे नाहीत. पुरुषांचं जाड बोलणं अजून पकडता यायचं. बायकोचं आणि लेकीचं बारीक बोलणं सगळ्यांत आधी गेलं.

वर्षातून एकदा कंपनीत कानांची तपासणी व्हायची. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावायचे, आणि आवाज आला की बटण दाबायचं. ज्योतीराम काचेतून पलीकडच्या तपासणाऱ्याच्या खांद्यावर नजर लावून बसायचा. आवाज सोडताना त्याचा खांदा हलला की बटण दाबायचा. दरवर्षी पास व्हायचा. बहिरा ठरलो तर प्रेसवरून उचलून गेटवर बसवतील, ही एक भीती. माणसं पाठीमागे नक्कल करून हसतील, ही दुसरी. खरं सांगायचं तर दुसरीच त्याला जास्त खात होती.

म्हणून त्याला मोठा टीव्ही हवा होता. बातम्यांच्या खाली अक्षरांची पट्टी धावते, ती वाचता येईल. बोलणाऱ्याचे ओठ मोठे दिसतील, म्हणजे अर्धं तरी कळेल. हे तो कुणाला सांगणार? मेव्हणा म्हणाला, एवढ्याशा हॉलमध्ये काय थिएटर काढायचंय का. शालनबाई म्हणाल्या, ज्योतीरामभाऊंना भारी हौस. त्याने सगळ्यांना म्हणू दिलं. हौशी म्हणवून घ्यायला त्याची ना नव्हती. बहिरा मात्र कुणी म्हणायला नको होतं.

पण टीव्ही निवडतात कसा, हे त्याच्या गावीही नव्हतं. घरातला टीव्ही मेव्हण्याने नवा घेतला तेव्हा जुना म्हणून दिलेला. दुकानात जाऊन पसंत करण्याची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली होती. त्याने धम्मरत्नला गाठलं. धम्मरत्न त्याच्याच प्रेस शॉपमधला जुना सोबती, आता निवृत्त होऊन थेरगावला डांगे चौकाजवळ राहणारा. चार लोकांत मोकळेपणी बोलणारा माणूस, वाद घालायला कायम तयार. त्याच्या उजव्या कानामागे ऐकण्याचं मशीन होतं आणि ते झाकायची त्याला काही गरज वाटत नव्हती. ज्योतीरामला मात्र त्या मशीनकडे बघवत नसे. बोलताना तो मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूला उभा राहायचा.

धम्मरत्नने सल्ला दिला तो असा, की दुकानात जाऊन इंच विचारू नकोस, तिथे सगळेच टीव्ही लहान दिसतात. आधी घरच्या भिंतीवर वर्तमानपत्रं चिकटव, पाहिजे तेवढ्या मापाची, आणि आठवडाभर त्यांच्यासमोर बसून बघ. डोळ्यांवर येतंय असं वाटलं तर एखादं पान काढ. खिडकीचा उजेड भिंतीवर कुठे पडतो तेही पाहून ठेव, नाहीतर बंद टीव्हीत दिवसभर स्वतःचंच तोंड बघत बसशील.

झालं. ज्योतीरामच्या हॉलमध्ये कागदाचा टीव्ही लागला. विजयश्री येताजाता त्याला नमस्कार करायची आणि आज काय लागलंय म्हणून विचारायची. ज्योतीराम सोफ्यावर बसून बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न करायचा, आणि एक दिवसाआड एक पान वाढवायचा. कॅलेंडर खाली उतरलं, करिष्माच्या शाळेतल्या बक्षिसाचा फोटो आतल्या खोलीत गेला, तरी कागद वाढतच होते.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी ती गोष्ट घडली.

करिष्मा त्याची एकुलती एक लेक. चिखलीतल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात हिशेबाचं काम करायची, सांजच्या बसने मोशीला उतरून चालत घरी यायची. त्या दिवशी ती आली, पर्स न ठेवताच सोफ्यामागे उभी राहिली आणि बोलू लागली. जुना टीव्ही जोरात चालू होता. पाठीमागे कुणीतरी बोलतंय एवढं ज्योतीरामला जाणवलं. तो वळेपर्यंत तिचं बोलून झालं होतं आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होती. तेव्हा म्हणायला हवं होतं, "परत सांग." त्याने मान हलवली आणि म्हणाला, "हो, चालतंय की." हीच तर त्याची सवय होती. ऐकू आलं नाही की हो म्हणायचं. हो म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. करिष्माचा चेहरा एकदम सैल झाला. ती हसली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती उशिरा आली. डोळे सुजलेले होते. बापाकडे न बघता सरळ आत गेली, जेवली नाही. त्या दिवसापासून तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. ताट समोर ठेवायची, चहा ठेवायची, पण तोंडातून अक्षर काढायची नाही. विजयश्रीने खोदून विचारलं तर एवढंच म्हणाली, की पप्पांना विचार. विजयश्रीने नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, काही नाही.

काही नाही कसं? आपण कशाला तरी हो म्हणालो आणि ते पाळलं नाही, एवढं त्याला उमगलं होतं. कशाला हो म्हणालो, हे ठाऊक नव्हतं. लेकीला विचारायचं तर आधी कबूल करायला हवं, की मला ऐकू आलं नव्हतं. ते शब्द त्याच्या तोंडून फुटेनात. प्रेसवर उभा असताना तिचा तो सैल झालेला चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर यायचा. पोटची पोर घरात असून दूर चालली होती, आणि हा माणूस भिंतीवर कागद चिकटवत बसला होता.

रविवारी सगळे टीव्ही बघायला डांगे चौकात गेले. करिष्मा यायला तयार नव्हती, आईने बळेच आणली. धम्मरत्न दुकानाच्या दाराशीच भेटला. आत शिरताच ज्योतीरामला गरगरल्यासारखं झालं. भिंतभर टीव्ही, सगळे चालू, सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळलेले. त्याला त्या गोंगाटात काही म्हणता काही उलगडेना. दुकानातला माणूस भराभर बोलत होता. भिंतीला टांगायचा की स्टँडवर ठेवायचा, असं त्याने विचारलं. ज्योतीरामने मान हलवली. म्हणजे नक्की काय, असं त्याने पुन्हा विचारलं. ज्योतीरामने पुन्हा मान हलवली. विजयश्री ओशाळून हसली आणि टांगायचा म्हणाली. धम्मरत्न हसला नाही. तो ज्योतीरामच्या मानेकडे बघत राहिला.

सगळ्यांत मोठा टीव्ही दुकानाच्या मागच्या दालनात होता. तो बंद होता. दुकानातला माणूस रिमोट आणायला गेला, विजयश्री आणि धम्मरत्न किमतीचं काहीबाही बोलत बाहेरच थांबले. ज्योतीराम त्या काळ्याभोर काचेसमोर उभा राहिला. काचेत त्याला तो स्वतः दिसला, डोक्यापासून कमरेपर्यंत. आणि त्याच्या मागे करिष्मा दिसली.

ती बोलत होती.

इतक्या दिवसांनी ती त्याच्याशी बोलत होती, त्याच्या पाठीशी. ओठ हलत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते. ओढणीच्या टोकाने तिने डोळे टिपले. हात त्याच्या खांद्याकडे आणला आणि न टेकवताच मागे घेतला. ज्योतीरामला बाहेरच्या गोंगाटाशिवाय काहीही ऐकू येत नव्हतं. आणि तेवढ्यात त्याने काचेत आणखी एक गोष्ट पाहिली. त्याची स्वतःची मान हलत होती! वर, खाली. हो, हो. लेक रडत काहीतरी सांगत होती आणि तो आधीच हो म्हणून मोकळा होत होता.

ज्योतीरामला स्वतःची शिसारी आली. परक्या माणसाचं तोंड बघावं तसा तो त्या काचेतल्या माणसाकडे बघत राहिला. आजवर या मानेने कुणाकुणाला फसवलं असेल, हे त्याच्या मनात आलं. मग तो वळला.

"करिष्मा, मला ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "आत्ताचंही आणि त्या दिवशीचंही. मला ऐकू येत नाही गं, बाळा. लई वर्षं झाली."

त्याने तिला उजेडात, आपल्या समोर आणून उभं केलं आणि परत सांगायला लावलं.

तिने सांगितलं. महिन्याभरापासून दोघं जण मोटारसायकलवरून तिच्या मागे लागले होते. बसमधून उतरली की स्टॉपपासून सोसायटीच्या वळणापर्यंत गाडी हळूहळू चालवत, घाणेरडं बोलत यायचे. आईला सांगितलं असतं तर आईने नोकरीच बंद केली असती, म्हणून ती धीर करून बापापाशी आली होती. उद्यापासून मला घ्यायला स्टॉपवर याल का, एवढंच तिने विचारलं होतं. तो हो म्हणाला होता.

"मी स्टॉपवर थांबले होते, पप्पा. ते दोघं समोरच होते. मी त्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाले, माझे पप्पा येतायत." मग म्हणाली, "शेवटी भाजीवाल्या कस्तुरामावशीनं पाटी आवरली. म्हणाली, चल पोरी, कुनी येत न्हाई आता, मी हाय. तिनं मला गेटपर्यंत सोडलं. जिन्यात आले तर आपल्या टीव्हीचा आवाज येत होता."

तिला वाटलं होतं, बापाने ऐकलं आणि सोडून दिलं. तिचीच काही चूक असेल असं त्याने मनात धरलं. आज ती त्याच्या पाठीला सांगत होती, की नोकरी सोडते, आता कुणाला त्रास देणार नाही.

विजयश्री आणि धम्मरत्न दालनाच्या दारात येऊन उभे होते. दुकानातला माणूस रिमोट घेऊन आला तेव्हा धम्मरत्नने त्याला हातानेच थांबवलं. टीव्ही चालू झाला नाही.

ते चौघं समोरच्या चहाच्या टपरीच्या बाकड्यावर बसले. विजयश्री करिष्माचा हात धरून बसली होती; नवऱ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. ज्योतीरामने खाली मान घालून सगळं सांगितलं, काचेच्या खोलीतल्या खांद्याचंसुद्धा. धम्मरत्न नीट ऐकण्यासाठी पुढे वाकला होता.

"मला दुकानातच कळलं," तो म्हणाला. "मीबी असाच मान हलवायचो राव. मला सांग, तू चष्मा लावतोस का?"

ज्योतीराम वाचायला लावायचा.

"लावताना लाज वाटली? नाही ना? उलट माणसं म्हणतात, साहेब दिसतोय. डोळ्याला काच लावली की साहेब आणि कानाला मशीन लावलं की थेरडा, हे ठरवलं कुणी? आपणच ना? पोरींना बघायला जातो तिथंसुद्धा कानाचं मशीन दिसलं की पाहुणे चहा अर्धा टाकून उठतात. तुझी लाज काय आभाळातून पडली नाही, भावा. आपण सगळ्यांनी मिळून तुला दिलीय. पण तू ती जपलीस, आणि तिचा हिशेब या लेकराला चुकवावा लागला."

ज्योतीराम कसाबसा म्हणाला, की कंपनीला कळलं तर गेटवर बसवतील.

"बसवू देत," धम्मरत्न म्हणाला. "प्रेसच्या पलीकडून तुझा जोडीदार ओरडला, थांब, हात आत आहे म्हणून, तर तुला ऐकू येईल? त्याच्या घरी जाऊन काय सांगशील? मान हलवशील?"

ज्योतीराम बाकड्यावर सगळ्यांदेखत रडला. चहा निवून गेला.

त्या रात्री त्याने टीव्ही लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच विजयश्री, तो आणि करिष्मा पोलीस चौकीत जाऊन तक्रार देऊन आले. गाडीचा नंबर कस्तुराने तोंडपाठ करून ठेवला होता. संध्याकाळी बस यायच्या कितीतरी आधी ज्योतीराम स्टॉपवर जाऊन उभा राहिला. कस्तुराने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, आणि आपण पोरीचे बाप व्हय, एवढं विचारून भाजीवर पाणी मारायला लागली. तिने दोष दिला नाही, तरी त्याची मान वर झाली नाही. ती मोटारसायकल त्या दिवशीही आली. बाप समोर दिसल्यावर वळली आणि पुढे चौकीतून बोलावणं गेल्यावर दिसेनाशी झाली. करिष्माने नोकरी सोडली नाही. पण चालताना मागे वळून बघण्याची तिची सवय अजून गेलेली नाही, आणि ती कधी जाईल हे कुणी सांगू शकत नाही.

कंपनीत ज्योतीरामने आपणहून पुन्हा तपासणी मागितली. काचेच्या खोलीत बसल्यावर या वेळी त्याने डोळे मिटून घेतले. बराच वेळ नुसती शांतता होती. पलीकडे आवाज वाजत असणार, हे त्याला कळत होतं, आणि बटणावरचं बोट हलत नव्हतं. आपलं काय काय गेलं आहे, ते त्याला त्या शांततेत बसून पहिल्यांदा समजलं. त्याला प्रेसवरून काढून स्टोअरला बसवलं. दोघातिघांनी पाठीमागे नक्कल केली. त्याला वाईट वाटलं, मग दिवस गेले तसं कमी वाटू लागलं. प्रेस शॉपमधली नवी पोरं बोळे गळ्यात अडकवलेली दिसली की तो जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याजवळ जातो आणि त्या संध्याकाळची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगतो. कानामागे मशीन आलं. त्याने गेलेले कान परत आले नाहीत. सुरुवातीला तर भांड्यांचा आवाज डोक्यात घण घातल्यासारखा व्हायचा. पण विजयश्री आता त्याच्यासमोर येऊन बोलते, आणि शब्द पोचतात.

नागरिकहो, तुमच्या घरातही असा एखादा टीव्ही मोठ्याने चालू असेल. त्याच्यासमोर बसलेल्या माणसावर खेकसण्याआधी त्याच्या समोर जाऊन बसा आणि त्याला ऐकू येतं का ते विचारा. त्याच्या कानामागे मशीन दिसलं तर चष्म्याकडे बघता तसंच बघा. आणि तुम्हीच ते मान हलवणारे असाल, तर एवढं ध्यानात ठेवा. परत सांग म्हणण्यात कसलाही कमीपणा नाही. न ऐकता दिलेला होकार मात्र कुणाला तरी संध्याकाळी एकटीला रस्त्यावर उभं करतो.

दसऱ्याला ज्योतीरामच्या घरी टीव्ही आला. मोठा नाही, बेताचाच. कागद काढले तेव्हा भिंतीवर चिकटपट्टीचे डाग राहिले, ते टीव्हीने झाकले नाहीत. ते झाकायला करिष्माच्या बक्षिसाचा फोटो परत लावावा लागला. सोफा ज्योतीरामने स्वतः ओढून फिरवला. आता टीव्ही जरा तिरका दिसतो, पण दारातून येणारं माणूस समोर दिसतं. करिष्मा कामावरून आली आणि तिने तोंड उघडलं की तो आधी टीव्ही बंद करतो. कधी ती नुसतं एवढंच सांगायला आलेली असते, की आज बस लवकर मिळाली. तो तेही पुरतं ऐकून घेतो, आणि एखादा शब्द निसटला तर म्हणतो, "परत सांग, बाळा."

ती परत सांगते.